फाइल तारेने पाठवावी की टपालाने?

आपल्या बमरोली-पांडेसरा भागात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांचे निम्म्याहून अधिक रुग्ण धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेले आहेत. यंत्रमागावर, एम्ब्रॉयडरीच्या खात्यात किंवा डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये राबणारी ही मंडळी आजारपण लांबले की गावची वाट धरतात आणि तेथे बरे वाटले नाही की पुन्हा सुरतेला येतात. त्यामुळे त्यांचे कागद, एक्स-रे आणि स्कॅन यांचाही ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेवरून असाच येण्याजाण्याचा क्रम चालू असतो.

तीन वर्षांपूर्वी असाच एक पन्नाशीचा यंत्रमाग कारागीर माझ्याकडे आला. पोटदुखीसाठी त्याने खानदेशातील एका शहरात वर्षभराच्या अंतराने दोन वेळा सी.टी. स्कॅन करून घेतले होते. यकृतावर एक गाठ दिसत होती. ती वाढली आहे की तेवढीच आहे, या एका प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून होते आणि त्याचे उत्तर लेखी अहवालात नव्हते. दोन्ही वेळच्या प्रतिमा शेजारी ठेवूनच ते मिळणार होते. नव्या स्कॅनच्या फिल्म होत्या. जुना स्कॅन एका सी.डी.वर होता. माझ्या नव्या संगणकाला सी.डी.चा कप्पाच नव्हता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडील जुन्या संगणकात ती घातली, तर चरे पडलेली ती तबकडी अर्ध्यावर येऊन घरघरू लागली. “साहेब, सी.डी. चालत नसेल तर रात्रीच्या गाडीने परत जाऊन दुसरी आणू का?” असे त्याने विचारले. जाण्यायेण्यात दोन दिवसांची मजुरी बुडणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

सुदैवाने त्याच्या मुलाने स्कॅन केंद्राला दूरध्वनी केला, केंद्राने एक दुवा पाठविला आणि दहा मिनिटांत दोन्ही स्कॅन आमच्या क्ष-किरणतज्ज्ञ मित्रांच्या पडद्यावर उघडले. गाठ वाढलेली नव्हती. कारागीर दुसऱ्या दिवशी मागावर गेला.

त्या संध्याकाळी घरी परतताना मनात विचार आला, की मोठी फाइल तारेने पाठवावी की वस्तूच्या रूपाने हातोहात, हा प्रश्न आता खरोखर निकालात निघाला आहे काय? थोडे वाचन केले, थोडा हिशेब मांडला. त्यातून जे हाती लागले ते व्यवसायबंधूंपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवतो.

प्रथम हिशेब. सी.टी. स्कॅनचा एक काप म्हणजे आडवे ५१२ आणि उभे ५१२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. म्हणजे एका कापाला सुमारे अर्धा मेगाबाइट. सातशे कापांचा अभ्यास साडेतीनशे मेगाबाइटच्या घरात जातो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की फाइलचा आकार बाइटमध्ये सांगतात आणि तारेचा वेग बिटमध्ये. एका बाइटचे आठ बिट होतात. ‘शंभरचे कनेक्शन’ घेतले तरी सेकंदाला शंभर मेगाबाइट का येत नाहीत, अशी तक्रार अनेक जण करतात, तिचे मूळ येथे आहे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग मिळाला की त्याला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरले. त्या वेगाने हा एक स्कॅन उतरवून घ्यायला तीन तास लागत, तेही मध्ये तार तुटली नाही तर. पाठविण्याचा वेग बहुधा त्याहूनही कमी असे. म्हणजे जळगावहून उधन्यापर्यंतच्या सुमारे तीनशे किलोमीटरच्या प्रवासाशी तारेची बरोबरीची शर्यत होती आणि खिशातली सी.डी. अधिक भरवशाची होती. आज पन्नास मेगाबिटच्या जोडणीवर तेच काम मिनिटभरात होते. सी.डी.ने तेव्हा काही पाप केले नव्हते आणि तारेने आज काही चमत्कार केलेला नाही. अपूर्णांकातला छेद तेवढा बदलला.

संगणकाच्या कार्यप्रणालीचेही तसेच झाले. विंडोज ९५ ज्या वर्षी आले त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पण ते विंडोज कोणी तारेवरून उतरवून घेण्याचा विचारही करीत नव्हते; ज्यांच्या संगणकाला सी.डी.ची सोय नव्हती त्यांच्यासाठी ते तेरा फ्लॉप्यांवर मिळत असे आणि बारावी फ्लॉपी खराब निघाली की सारे मुसळ केरात. २००४ मध्ये विंडोज एक्सपीसाठी दुसरा सर्व्हिस पॅक आला. तो सुमारे २६६ मेगाबाइटचा होता. दूरध्वनीच्या तारेवर, प्रत्यक्षात मिळणाऱ्या चाळीस किलोबिटच्या वेगाने, त्याला जवळजवळ पंधरा तास लागले असते आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडला असता. म्हणून खुद्द मायक्रोसॉफ्टने तो सी.डी.वर टपालाने पाठविण्याची सोय केली होती. उबुंटू या मुक्त कार्यप्रणालीच्या सी.डी. २००५ पासून २०११ पर्यंत मागेल त्याला जगभर फुकट पोस्टाने पाठविल्या जात.

आपल्या मराठी भाषेचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये भारतीय भाषांची संगणक साधने मोफत वाटण्याचा उपक्रम हाती घेतला. प्रथम तमिळ, मग हिंदी आणि पुढे मराठीसह इतर भाषांच्या सी.डी. निघाल्या. टंक, कळफलक, कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर असे साहित्य त्यांवर होते. पुण्याच्या सी-डॅकचा त्या कामात मोठा वाटा होता. ज्याची तार चांगली त्याने संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे आणि इतरांनी नाव-पत्ता नोंदवून सी.डी. टपालाने मागवावी, अशी दुहेरी व्यवस्था होती. सुरतेसारख्या गावी, जेथे छापखान्यात गुजराती टंक हवे तेवढे आणि मराठी टंक शोधून सापडत नाहीत, तेथे या टपाली वाटेचे मोल पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणे कठीण. स्मरणिकेच्या कामात पूर्वी एकदा मी मराठी मजकूर फ्लॉपीवर घेऊन एका छापखान्यात गेलो होतो. फ्लॉपी उघडली, फाइलही उघडली. पण माझा टंक त्यांच्या संगणकावर नसल्याने अध्यक्षांचे मनोगत रोमन लिपीतल्या भुताटकीसारखे दिसू लागले. फाइल पोहोचली म्हणजे मजकूर पोहोचला असे नव्हे, हा धडा तेव्हाच मिळाला. असो.

आता हिशेबाची दुसरी बाजू. आपल्या सुरतेला वस्तू हातोहात पाठविण्याचे शिक्षण कोणी द्यावयास नको. अंगडिये हिऱ्यांची पाकिटे घेऊन रात्री मुंबईची गाडी पकडतात आणि सकाळी माल पोहोचलेला असतो. समजा, अशा एखाद्या माणसाच्या पिशवीत चार टेराबाइटची एक हार्ड डिस्क ठेवली आणि सुरत ते मुंबई दारापासून दारापर्यंत सहा तास धरले. भागाकार केला तर वेग निघतो सेकंदाला सुमारे १,४८० मेगाबिट. शंभर मेगाबिटच्या तारेने तेवढीच सामग्री पाठवावयाची तर साडेतीन दिवसांहून अधिक वेळ लागेल. अँड्र्यू टॅनेनबॉम हे संगणक-जाळ्यांवरील आपल्या पाठ्यपुस्तकात फितींनी भरलेल्या मोटारगाडीचे उदाहरण देऊन विद्यार्थ्यांना हेच समजावतात.

मात्र या हिशेबात एक चोरवाट आहे आणि ती बहुतेक जण विसरतात. डिस्क पिशवीत ठेवण्याआधी ती भरावी लागते आणि पोहोचल्यावर रिकामी करावी लागते. सेकंदाला दीडशे मेगाबाइट या साध्या डिस्कच्या वेगाने एका बाजूला सात तासांहून अधिक, दोन्ही बाजूंना मिळून पंधरा तास. प्रवास सहा तासांचा असला तरी काम एकवीस तासांचे होते आणि वेग घसरून सव्वाचारशे मेगाबिटवर येतो. तरीही तो शंभरच्या तारेच्या चौपट आहे. पण एखाद्या मोठ्या रुग्णालयाकडे हजार मेगाबिटची जोडणी असेल तर अंगडिया हरला.

दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर २००९ मध्ये एका कंपनीने हा मुकाबला कबुतराकरवी लावून पाहिला. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार गिगाबाइटचे कार्ड बांधून त्याला सुमारे ऐंशी किलोमीटर उडविले. उड्डाण आणि फाइल उतरविणे मिळून दोन तासांच्या थोडे वर गेले. तेवढ्या वेळात तेथील तारेने चार टक्के फाइल पोहोचविली होती. गंमत सोडून दिली तरी भागाकार तोच आहे.

शास्त्रीय कामात ही पद्धत थट्टेचा विषय नाही. कृष्णविवराची पहिली प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिली. तिच्यासाठी २०१७ च्या एप्रिलमध्ये जगातील आठ दुर्बिणींनी टिपलेली माहिती सुमारे पाच पेटाबाइट, म्हणजे पाच हजार टेराबाइट होती. ती तारेने पाठविणे शक्यच नव्हते. अर्धा टन वजनाच्या हार्ड डिस्क विमानांनी अमेरिका आणि जर्मनीतील केंद्रांत आणल्या गेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तर तेथील हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत अनेक महिने थांबावे लागले. सगळे जग त्या एका खोक्यासाठी खोळंबले होते. आपल्या नारायणगावजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणींचा जो प्रकल्प आहे, तेथे निरीक्षणासाठी येणारे संशोधकही पूर्वी आपली सामग्री चुंबकीय फितींवर घेऊन परत जात.

अमेरिकेच्या अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१६ मध्ये पंचेचाळीस फुटी कंटेनरच्या रूपात शंभर पेटाबाइट मावणारा ट्रकच सेवेत आणला होता. २०२४ मध्ये तो बंद झाला. तारा रुंद होत गेल्या, तसा एवढ्या अवजड वाहनाचा उपयोग कमी होत गेला, असे यावरून दिसते.

आतापर्यंत केवळ वेगाचा विचार झाला. आपण डॉक्टर आहोत. कोणतीही वस्तू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाते म्हटले की आपल्या मनात पहिला प्रश्न संसर्गाचा येतो. संगणकाच्या बाबतीतही तो यावा. आणि येथे इतिहासाने आपल्या व्यवसायावर एक विचित्र उपकार करून ठेवला आहे.

डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे वीस हजार फ्लॉप्या जगभर टपालाने गेल्या. त्यांवर एड्सविषयी माहिती असल्याचे लिहिले होते आणि त्या ज्यांना मिळाल्या त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला उपस्थित असलेले प्रतिनिधीही होते. फ्लॉपी संगणकात घातली की एड्सच्या धोक्याविषयीची प्रश्नावली खरोखरच उघडे. पण आत एक छुपा भाग होता. संगणक सुमारे नव्वद वेळा सुरू झाला की तो जागा होई, फाइलींची नावे कुलूपबंद करी आणि १८९ डॉलर पनामातील एका टपालपेटीवर पाठविण्याची मागणी करी. हे करणारे जोसेफ पॉप हे स्वतः हार्वर्डचे पीएच.डी. असलेले जीवशास्त्रज्ञ होते. पुढे ते खटल्यास सामोरे जाण्यास मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरले. खंडणी मागणाऱ्या आजच्या सर्व संगणकीय विषाणूंचा हा मूळपुरुष. तो तारेने आला नाही, पोस्टमनने दारात आणून दिला आणि वैद्यकीय माहितीच्या वेष्टनात दिला. नव्वदीचा तो अवकाश म्हणजे शुद्ध परिपाककाल. लागण कोठे झाली हे रोग दिसेपर्यंत विसरून जावे, अशी योजना.

पेन ड्राइव्हने ही परंपरा चालू ठेवली. सामान्य दवाखान्यात ती कशी चालते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वैद्यकीय प्रतिनिधी सादरीकरण घेऊन येतात, तोच पेन ड्राइव्ह सकाळपासून सहा दवाखान्यांत लागलेला असतो. सुई एकदाच वापरावी हे आपण लोकांना शिकविले. ही दुसरी सुई मात्र आपण स्वतः निर्धास्तपणे टोचून घेतो.

मग तार शुद्ध आहे काय? तसेही नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जाळ्याजाळ्यातून संचार केला आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील निदान ८० रुग्णालय-न्यासांचे काम विस्कळीत केले. रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्या असा अंदाज आहे. ज्या फटीतून तो शिरला ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्चला, प्रसिद्ध केली होती. लस उपलब्ध होती, टोचून घ्यावयाची राहिली होती. अशी दुरुस्ती सी.डी.वर टपालाने यावी म्हणून वाट पाहत बसणे आज परवडणारे नाही. येथे तारेला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण त्याच वेगाची दुसरी धार १९ जुलै २०२४ रोजी दिसली. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने तारेवरून एक सदोष फाइल पाठविली. चूक लक्षात येऊन ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले होते. आपल्याकडील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट पुढची वाटते. बंद पडलेला संगणक तारेवरून दुरुस्त करता येईना. अनेक ठिकाणी तंत्रज्ञाला प्रत्येक यंत्रापाशी चालत जावे लागले, कोणी पेन ड्राइव्ह घेऊन. तारेने दीड तासाच्या आत जे बिघडविले ते निस्तरायला पायांना कित्येक दिवस लागले.

हरवण्याचा धोका आणखी वेगळा. ब्रिटनच्या करखात्याने २००७ मध्ये अडीच कोटी लोकांची नावे, पत्ते आणि बँकेचा तपशील दोन सी.डी.वर घालून कुरियरने पाठविला, तोही नोंद न करता. त्या पोहोचल्याच नाहीत. त्यांना परवलीचा शब्द होता, पण आतील माहिती सांकेतिक रूपात बदललेली नव्हती. आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. रुग्णांची माहिती असलेली डिस्क रिक्षात विसरली, हे आता नुसते हळहळण्यापुरते प्रकरण उरलेले नाही.

दोन्ही वाटांना लागू पडणारी एक खबरदारी मात्र सोपी आहे. प्रत्येक फाइलपासून गणिताने एक ठसा काढता येतो. ‘शा-२५६’ नावाच्या पद्धतीत तो चौसष्ट अक्षर-अंकांचा असतो आणि फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी सारा ठसा बदलतो. सॉफ्टवेअर तयार करणारे अनेक जण तो आपल्या संकेतस्थळावर देतात. आपल्याकडे आलेल्या फाइलचा ठसा काढून जुळवावयाचा. रक्त चढविण्यापूर्वी पिशवीवरचा क्रमांक आणि रुग्णाचा कागद आपण ताडून पाहतो, ती पिशवी रक्तपेढीतून आपल्या विश्वासू माणसाने आणली असली तरीही. तसेच हे.

शेवटी आपल्या गल्लीतल्या व्यवहाराबद्दल. दवाखान्याचे सॉफ्टवेअर आणि त्याच्या दुरुस्त्या मी तारेनेच घेतो. ज्यांच्या रुग्णालयात वीस संगणक आहेत त्यांनी पाच गिगाबाइटची तीच फाइल वीस वेळा बाहेरून ओढू नये. पन्नासच्या जोडणीवर त्याला साडेचार तास लागतात. एकदा उतरवावी आणि आतल्या जाळ्यातून वाटावी. शक्य असल्यास प्रथम एकाच संगणकावर लावून दिवसभर पाहावे.

रुग्णांच्या नोंदींची प्रत मात्र मी हार्ड डिस्कवरही ठेवतो आणि ती दवाखान्यात ठेवत नाही. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात अडाजणच्या एका स्नेही डॉक्टरांचा संगणक आणि त्याच्या खालच्या खणात नीट नावे घालून ठेवलेल्या प्रतींच्या सी.डी., दोन्ही एकाच चिखलात सापडले. बारा वर्षांच्या नोंदी गेल्या. म्हणून माझ्याकडे दोन डिस्क आहेत. एक घरी तिसऱ्या मजल्यावर असते, दुसरी शनिवारी प्रत काढण्यापुरती संगणकाला लागते आणि लगेच सुटते, म्हणजे खंडणीचा विषाणू आलाच तर निदान एक डिस्क त्याच्या हाताबाहेर राहील. पुढच्या शनिवारी अदलाबदल. दोन्ही डिस्कना कुलूप आहे आणि त्याची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, माझ्या पत्नीलाही ठाऊक आहे. वर्षातून दोनदा त्या डिस्कवरून दहा-बारा जुन्या नोंदी खरोखर उघडून पाहतो, कारण न उघडणारी प्रत आणि त्या कारागिराची सी.डी. यांत फरक नाही.

गावी जाणाऱ्या रुग्णांना मी आता सांगतो, की स्कॅन केंद्राकडून दुवाही मागून घ्या आणि सी.डी.ही घ्या. दुव्याची मुदत विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांनी तो उघडेनासा होतो. मुदतीच्या आत घरातल्या शिकत्या मुलाकडून ती फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवून घ्यावी आणि त्या पेन ड्राइव्हवर गाणी-सिनेमे भरू नयेत. सी.डी. आणली तर ती उशीखालच्या पिशवीत नको, फाइलच्या पुठ्ठ्यात ठेवावी. आपल्या संघटनेच्या कार्यालयात जुना का होईना, सी.डी. वाचणारा एक कप्पा ठेवावा, अशी विनंती मी कार्यकारिणीला केली आहे. तो बाहेरून जोडता येतो आणि फारसा महागही नाही.